कोरं ते खाली

मोहरीलबाबू हुशार होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल एकही चांगला शब्द निघाला नाही अशी तक्रार कुणाला करायला नको. तीनशे कार्डांचा विस्कटलेला गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला की तासाभरात तो वयाप्रमाणे लागलेला असे. मग कितीही वेळा तपासा, एक कार्ड इकडचं तिकडे सापडायचं नाही. एवढी हुशारी देवाने एखाद्या बऱ्या माणसाला दिली असती तर तिचं चीज झालं असतं. मी त्यांना अहो-जाहो करते ते त्यांच्या वयाकडे बघून. माणसाकडे बघून बोलायचं तर एकेरीवर यावं लागेल.

ही गोष्ट अमरावतीची. आम्ही मुंबई राज्यात होतो तेव्हापासून महाराष्ट्र झाल्यानंतरच्या दोन-चार वर्षांपर्यंतची. नोकरी नसलेल्यांची नावं नोंदवून घेणारी एक कचेरी होती. कुठली ते सांगत नाही. तिथे मी टाइपिस्ट होते. माझं माहेर नांदगाव खंडेश्वरचं, माळ्याचं. नवरा लवकर गेला. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन फिरण्यापेक्षा टाइपिंग शिकलेलं बरं, असं वडील म्हणाले आणि मी शिकले. कचेरीत मी एकटीच बाई, म्हणून सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत. मोहरीलबाबू हेडक्लार्क होते. साहेब दर दोन वर्षांनी बदलत आणि मोहरीलबाबू तिथेच असत, त्यामुळे कचेरी कुणाची हे सांगायला नको.

काम असं चाले. नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसाचं एक जाड पिवळं कार्ड. त्यावर नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख, नोंदणीची तारीख. एखाद्या खात्याचं मागणीपत्र यायचं, की मराठी सातवी पास असलेले दहा उमेदवार पाठवा. मग मोहरीलबाबू पेट्यांमधून सातवी पासवाल्यांची सगळी कार्डं उपसत आणि क्रम लावत. सगळ्यांत मोठा आधी, धाकटा शेवटी, कारण मोठ्याची वयोमर्यादा आधी संपणार. पंचविशी उलटली की सरकारी नोकरीचं दार बंद. वरची दहा कार्डं माझ्या टेबलावर येत, मी यादी टाइप करी, साहेब सही करत. अकरावं कार्ड परत पेटीत. कार्डं दोनशे निघोत नाहीतर बारा, यादीत नावं दहाच. तेव्हा नोकरी मिळणार की नाही हे शिक्षणावर नव्हे, गठ्ठ्यात तुम्ही कितवे आहात यावर ठरायचं, आणि ते मोहरीलबाबूंच्या बोटांवर होतं.

त्या बोटांबद्दलही सांगते. टेबलावर सरकारने काचेच्या वाटीत ओला स्पंज दिलेला होता. तो कोरडा ठणठणीत पडलेला असे आणि मोहरीलबाबू दर पाच कार्डांमागे बोट जिभेला लावत. ती कार्डं नंतर माझ्याकडे यायची. मी त्यांना एकदा स्पंज ओला करून दिला, तर म्हणाले, सवय आहे. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपण नसतो तर जिल्ह्यातली माणसं एकमेकांच्या अंगावर चढून मेली असती. 'क्रम म्हंजे न्याय' हे त्यांचं लाडकं वाक्य. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की दुसरं ठरलेलं असे, 'यादी बोलते, मी बोलत नाही.' साहेबाशी पुण्याची शुद्ध भाषा, आमच्याशी अर्धी-अर्धी, आणि खेड्यावरच्या माणसाशी तोंडातून शब्दच नाही, नुसती हनुवटीने दाखवलेली बाकाकडची दिशा.

एक गोष्ट मात्र खरी. त्यांनी पैसा कधी खाल्ला नाही. याचा त्यांना भारी अभिमान होता, आणि आम्हीही वर्षानुवर्षं त्याच्या आरत्या ओवाळल्या. आता वाटतं, खाल्ला असता तर बरं झालं असतं. निदान बकरी विकून का होईना, एखादा खालचा माणूस वर सरकला असता. या माणसाकडे ती फटसुद्धा नव्हती.

क्रमाचं वेड कचेरीपुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा वरूडच्या एका बागाईतदाराने, त्याच्या भाच्याला नोकरी लागली म्हणून, संत्र्यांची करंडी पाठवली. मोहरीलबाबू करंडी परत पाठवायला निघाले होते. साहेब म्हणाले, अहो, फळं आहेत, वाटून टाका. झालं. मोहरीलबाबूंनी सगळी संत्री टेबलावर ओतली, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत मांडली, नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे नावांची यादी केली, आणि पहिलं संत्रं पहिल्या नावाला असं वाटत गेले. साहेबानंतर ज्येष्ठ तेच, तेव्हा नारळाएवढं फळ नियमानेच त्यांच्याकडे गेलं. शिपाई गफूरचाचांच्या वाट्याला लिंबाएवढं आलं. झाडणारी भिकाबाई दाराशी उभी होती. तिला काहीच नाही, कारण ती रोजंदारीवर आणि ज्येष्ठतेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. टेबलावर अजून पाच-सहा फळं उरलेली होती, हे लक्षात घ्या. गफूरचाचांनी आपलं लिंबू तिच्या हातात ठेवलं आणि ते मोहरीलबाबूंकडे न बघता बाहेर गेले. मोहरीलबाबूंना त्यात काही झालं असं वाटलंच नाही. उरलेली फळं त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या नावापासून वाटली.

आता त्यांच्या क्रमातली खरी मेख सांगते. खेड्यापाड्यांतल्या मास्तरांची पद्धत अशी, की शाळेत घालायला आलेल्या पोराची तारीख माहीत नसली तर ठोकून द्यायची एक जुलै. त्यामुळे निम्मं वऱ्हाड एक जुलैला जन्मलं आहे. पेटीत एकाच दिवशी, एकाच साली जन्मलेले वीस-वीस जण निघत. त्यांच्यात पुढे कोण? मोहरीलबाबूंकडे उत्तर तयार असे. ज्याची नोंदणी आधीची तो पुढे. नोंदणीही एकाच दिवसाची असेल तर आडनावाच्या अक्षराप्रमाणे. आडनावही एकच असेल तर नावाच्या अक्षराप्रमाणे. दोन माणसं एका जागी उभी राहिली असं त्यांच्या यादीत कधी झालं नाही, आणि हे ते नव्या साहेबाला पहिल्याच आठवड्यात ऐकवत.

पण काही कार्डांवर जन्मतारखेचा रकाना कोराच होता. अशी तीस-पस्तीस कार्डं असतील. मेळघाटातल्या कोरकूंची काही, तांड्यावरची काही, आणि बरीचशी गावाबाहेरच्या वस्त्यांतली, नुकत्याच बौद्ध झालेल्या घरांतल्या पोरांची. त्या पोरांचा बाप मास्तरासमोर ओट्याखाली उभा राहिला असणार, तारीख सांगता आली नसणार, आणि मास्तराने त्यांच्यासाठी एक जुलैसुद्धा खर्च केला नसणार. ही कार्डं मोहरीलबाबू सगळ्यांच्या खाली ठेवत. नियम कुठला? मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कोरं ते खाली. पूर्वापार आहे." आणि गंमत बघा, इतका क्रमाचा भोक्ता माणूस, पण त्या कोऱ्या कार्डांत आपसात क्रम नव्हता. नोंदणी नाही, अक्षर नाही, काही नाही. ती तिथे कशीही पडलेली असत. कोरं कार्ड वयात बसत नव्हतं म्हणून वयाबाहेरही जात नव्हतं. ते आपलं वर्षानुवर्षं शेवटी.

त्यातलंच एक कार्ड किसन तायडेचं.

किसन रिद्धपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बाप मजुरीला जाणारा. पोरगा मराठी सातवी पास झाला होता, वस्तीतला पहिला, आणि त्याला मास्तर व्हायचं होतं. दुसरं काही नाही, मास्तरच. शिपायाची जागा निघाली आहे, टाकू का नाव, असं गफूरचाचांनी एकदा विचारलं, तर नको म्हणाला. संध्याकाळी वस्तीतली पोरं गोळा करून तो शिकवायचाही. त्याचं अक्षर मी कार्डावर पाहिलं होतं. मोहरीलबाबूंपेक्षा चांगलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो यायचा. धुतलेला सदरा, पायात वहाणा, त्या तो दाराबाहेर काढून ठेवायचा, जरी तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. मोहरीलबाबूंच्या टेबलापासून दोन हातांवर उभा राहून विचारायचा, "बाबू, माह्यं नाव कितवं हाये?"

"आहे यादीत," मोहरीलबाबू वर न बघता म्हणत.

"हाव, पण कितवं?"

यावर हनुवटी हले आणि किसन बाकावर जाऊन बसे. तासभर बसून निघून जाई. असं सहा वर्षं. पहिल्या वर्षी त्याला मिसरूड नीट फुटलेली नव्हती. शेवटी शेवटी त्याच्या दोन्ही गालांवर खळगे पडले होते. मास्तरांच्या जागा त्या सहा वर्षांत कितीदा निघाल्या. त्याच्याहून लहान, त्याच्याहून उशिरा नाव घातलेले, काखोटीला छत्री मारून नेमणुकीचा कागद न्यायला यायचे आणि बाकावर त्याच्याच शेजारी टेकायचे. कोऱ्या कार्डांचं त्याला गफूरचाचांकडून कळलं असावं, कारण एकदा मात्र तो मोहरीलबाबूंना म्हणाला, "बाबू, कोऱ्याले खालीच कावून ठेवता? माह्या मागून आलेले मास्तर होऊन राहिले." मोहरीलबाबूंची नुसती हनुवटी हलली. तो गेल्यावर मला म्हणाले, बघितलंत बाई, सातवी पास झाला नाही तोच प्रश्न विचारायला लागला.

मी तोपर्यंत समजत होते की हा सगळा आळसाचा मामला आहे. कोऱ्या कार्डाचं काय करायचं हे डोकं खाजवून ठरवायला नको, म्हणून टाकलं तळाला. आळशी माणसाने आळसाला नियम म्हणावं, यात नवल ते काय. मी मनात मोहरीलबाबूंना हसत असे. मग ती उलटी यादी आली.

शाळाखात्याने मास्तरांचा एक प्रशिक्षणवर्ग काढला होता. शिकून तयार झालेल्यांना थेट नेमणूक. मागणीपत्रात लिहिलं होतं, की यंदा लहान वयाचे आधी घ्यावेत, म्हणजे खात्याला त्यांची पुष्कळ वर्षं मिळतील, नावं दहा. मोहरीलबाबूंचा गठ्ठा आदल्याच दिवशी नेहमीसारखा लागलेला होता, मोठा वर, धाकटा खाली, आणि धाकट्याच्याही खाली कोरी कार्डं. आता उलटं करायचं म्हणजे काय, त्यांनी तो सगळा गठ्ठा दोन्ही हातांत धरला आणि पालथा करून तळापासून एकेक कार्ड सुलटं मांडायला सुरुवात केली. मी समोरच बसले होते. पहिलं कार्ड कोरं. दुसरं कोरं. तिसरं किसन तायडे. सातवी पासवाल्यांत अशी सात कार्डं होती, ती सातही वर आली. आता फक्त वरची दहा उचलून माझ्याकडे द्यायची होती.

 मला वाटलं, या माणसाच्या आळसानेच आज त्या पोराचं भलं होणार.

मोहरीलबाबू थांबले. त्यांनी कार्डांकडे पाहिलं. बोट जिभेला लावलं. आणि ती सात कार्डं एकेक करून उचलली, त्यांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, आणि सगळा गठ्ठा उचलून त्याच्या तळाशी सरकवली. सावकाश, नीट, काही घाई नाही. मग वरची दहा मोजून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या बाई."

म्हणजे आळस नव्हता. आळस असता तर कार्डं वर राहिली असती. या माणसाने कष्ट घेतले होते.

मी काय केलं असं विचाराल, तर मी यादी टाइप केली. तीन प्रती, कार्बन लावून. एकही चूक नाही.

पुढच्या सोमवारी किसन आला तेव्हा मी त्याला व्हरांड्यात गाठलं. यादीचं काही सांगितलं नाही, तेवढी छाती नव्हती. एवढंच सांगितलं, की दवाखान्यात सिव्हिल सर्जनकडे जा. ते दात-हाडं बघून वयाचा दाखला देतात. तो आण, म्हणजे रकाना भरेल आणि तुझं कार्ड क्रमात येईल. तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे मले सहा वर्सांत कोनीच सांगितलं नाही, बाई," म्हणाला. बोलण्यात राग नव्हता, आनंदच होता. मलाही फार बरं वाटलं. मोहरीलबाबूंवर आपण मात केली, असं काहीतरी वाटत मी त्या दिवशी घरी गेले.

पंधरा दिवसांनी तो दाखला घेऊन आला. डॉक्टरांनी त्यावर लिहिलं होतं, वय अंदाजे सत्तावीस.

किती साधा हिशेब होता. एकविसाव्या वर्षी नाव घातलेलं, त्याला सहा वर्षं झालेली. मी रोज तारखा टाइप करणारी बाई, आणि मला एवढं सुचलं नाही. मोहरीलबाबूंना मात्र ताबडतोब सुचलं. त्यांनी दाखला दोनदा वाचला, किसनच्या कार्डावर सुंदर अक्षरात जन्मसाल भरलं, आणि त्याच्याखाली लाल शाईने लिहिलं, वयोमर्यादा ओलांडली आहे, नाव कमी. कार्ड पेटीतून निघून फडताळात गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते किसनशी पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, "आता यायचं कारण नाही."

किसन माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं तो मला शिव्या देईल, आणि त्याने दिल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. तो म्हणाला, "कोरं होतं तवा शेवटी तरी होतो, बाई." मग दाराबाहेर जाऊन त्याने वहाणा घातल्या आणि गेला. पुढे तो गफूरचाचांना वरूडला दिसला. संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर होता. वस्तीत कुणाचं मूल जन्मलं की तारीख एका वहीत लिहून ठेवतो, असं म्हणाला म्हणे.

मोहरीलबाबू त्यानंतर दीड-दोन वर्षांत निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना हार घातला आणि या माणसाच्या हातून कधी कुणावर अन्याय झाला नाही असं सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. ते मुलाकडे अकोल्याला राहायला गेले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. माझी बहीण अकोल्याला दिली होती. तिच्याकडे गेले असताना बाजारात त्यांच्या सूनबाई भेटल्या आणि घरी ओढूनच घेऊन गेल्या. मोहरीलबाबू अंगणात खुर्ची टाकून बसले होते. टोपी नव्हती, टक्कल दिसत होतं. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. इथे बोलायला कुणी नाही म्हणाले, मुलगा सकाळी जातो तो रात्री येतो. एकामागून एक साहेबांची नावं त्यांनी नेमणुकीच्या क्रमाने घेतली. आता साहेब कुणी समोर नव्हता, त्यामुळे पुणेरी भाषाही गळून पडली होती. सूनबाई चहा ठेवून आत गेल्या. मी मनात ठरवून काही आले नव्हते, पण विचारलं. म्हटलं, ती उलटी यादी आठवते का? कोरी कार्डं वर आली होती. तुम्ही ती पुन्हा खाली का नेली?

त्यांनी 'कुठली यादी' असं म्हटलं असतं तर मी चहा पिऊन निघाले असते. पण त्यांना आठवत होतं. किसनचं नावसुद्धा आठवत होतं.

"तायडे ना? त्याचं वय बाकीच्यायहून जास्त आहे, हे मले पहिल्यापासून ठाऊक होतं," ते म्हणाले. "पाच वर्सं अगोदर दाखला आनला असता तं पहिल्या दहात लागला असता. हुशार पोरगा होता."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "एकाले सांगितलं की साऱ्यायले सांगावं लागते, बाई. अन् ते सारे वर येऊन बसले असते, तं मंग खाली कोन बसलं असतं? यादी म्हटली की खाली कोनीतरी लागतेच."

हे ते मला समजावून सांगत होते. धंद्यातली एखादी खुबी जुन्या सहकाऱ्याला सांगावी तसं, आपुलकीने. मला त्या माणसाची किळस आली. आणि त्याच्या समोर बसून आठ वर्षं त्याच्या याद्या बिनचूक टाइप करणारी जी बाई होती, तिचीही आली.

मी उठले. ते काठी टेकत फाटकापर्यंत पोचवायला आले, पुन्हा या म्हणाले, आणि त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मी केला नाही. त्यांच्याविरुद्ध मी आयुष्यात केलेली गोष्ट एवढीच, आणि तीही ते निवृत्त झाल्यावर.